संपादन: मॉरी ग्लास

हातात पेन्सिल नाही असे मॉरी ग्लास मी फार थोड्या वेळा पाहिले. पेन्सिल फिकट निळी, बोटभर उरलेली, आणि शर्टाच्या खिशात तिच्या दोन बहिणी. समोर जे काही छापील येईल ते दुरुस्त करायची त्यांना खोड होती. सुपरमार्केटचं पत्रक, केबल कंपनीचं पत्र, डॉक्टरांच्या दवाखान्यातली सूचना, कशालाही सुट्टी नाही. आमची ओळखसुद्धा त्या पेन्सिलीनेच करून दिली.

आम्ही तेव्हा परदेशात, पिस्कॅटवे गावात, नवीन होतो. मी एका औषध कंपनीत केमिस्ट, नवरा युनिव्हर्सिटीत, आणि मुलगी मृणाल नऊ वर्षांची. अपार्टमेंटच्या तळघरात सगळ्या बिल्डिंगची मिळून एक लाँड्री रूम होती, आणि तिथे कोणीतरी माझे ओले कपडे मशीनमधून काढून खुशाल टेबलावर टाकून द्यायचं. दोनदा सहन केलं. तिसऱ्यांदा मी एक सूचना लिहून भिंतीवर लावली. नागपूरच्या शाळा-कॉलेजात मिळवलेलं सगळं इंग्रजी मी तिच्यात ओतलं होतं. 'आदरणीय रहिवाशांना नम्र विनंती' इथपासून 'आपली विश्वासू' इथपर्यंत चांगलं पाऊण पान भरलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर निळ्या पेन्सिलीने जवळजवळ सगळं खोडलेलं. उरलेल्या शब्दांचं वाक्य होत होतं, 'थांबा, हे कपडे कुणाचे तरी आहेत.' खाली बारीक अक्षरात शेरा होता, 'चांगलं आहे, फक्त लांब आहे. ३-बी.'

मी तणतणत तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडलं ते पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, काडीसारख्या किडकिडीत गोऱ्या म्हाताऱ्याने. मी विचारलं, "माझी सूचना तुम्ही का खोडली?"

"खोडली नाही, एडिट केली," ते म्हणाले. "वाचणाऱ्याच्या हातात साबणाचा डबा असतो, बाई. त्याला तुमचा नम्रपणा वाचायला वेळ नाही."

राग यायला हवा होता, पण हसू आलं. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर माझ्या कपड्यांना कोणी हात लावला नाही. ते अर्थात इंग्रजीतच बोलत. इतक्या वर्षांनी मला मात्र त्यांचं बोलणं मराठीतच ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.

मृणालची आणि त्यांची गट्टी जमली ती जिन्यात. ती पायरीवर बसून कॉमिक वाचत होती. मला त्या पुस्तकांचा तिटकारा. मराठी गोष्टींची पुस्तकं नागपूरहून मागवून मी थकले, पण ही बया त्यांना शिवायची नाही. ग्लास वर जाता जाता थांबले, तिच्या खांद्यावरून पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा फुगा चुकीच्या जागी आहे." बोलणाऱ्याच्या तोंडातून निघणारे शब्दांचे फुगे कसे मांडायचे, डोळा डावीकडून उजवीकडे जातो म्हणून आधी बोलणारा डावीकडे का उभा करायचा, हे त्यांनी तिला तिथेच पायरीवर बसून समजावलं. घरी येऊन ती म्हणाली, "आई, मिस्टर ग्लास नोज स्टफ."

त्यांना का माहीत होतं ते पुढे महिनाभराने कळलं. चहा पिता पिता त्यांनी आवाज खाली आणला, जसं एखादं जुनं दुखणं सांगावं तसा, आणि म्हणाले, "मी ही पुस्तकं करायचो."

ब्राँक्समधल्या एका शिंप्याचा हा मुलगा. कॉमिक पुस्तकं नुकती निघायला लागली होती तेव्हा एकोणिसाव्या वर्षी मॅनहॅटनमधल्या एका स्टुडिओत लागला. लांबलचक खोली, ओळीने टेबलं. एक जण पेन्सिलने काढायचा, दुसरा शाई फिरवायचा, तिसरा नुसती मागची घरं आणि झाडं काढायचा. ग्लास फुग्यांतली अक्षरं लिहायचे. दोन वर्षांत ते संपादक झाले. पूल बांधणाऱ्या एका मजुराची गोष्ट त्यांनी रचली. दिवसा हा लोखंडी तुळयांवर काम करायचा आणि संकट आलं की तोंडावर फडकं बांधून निघायचा. त्याचं नाव 'ब्रिजमन'. तो इतका चालला की लढाईवर गेलेल्या पोरांच्या खिशात त्याचे अंक असत. पुस्तकावर नाव मात्र कंपनीच्या मालकाचं, आणि त्याखाली मालकाच्या मेव्हण्याचं.

"तुमचं?" मी विचारलं.

"माझं कुठेच नाही. ती दोन नावं दर महिन्याला मीच लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं ना."

हे सांगताना ते हसले. पन्नाशीच्या दशकात वारं फिरलं. कॉमिक वाचून मुलं बिघडतात असं पाद्री, मास्तर, आईबाप सगळेच म्हणायला लागले. त्यांच्याच गल्लीच्या टोकाला शाळेने होळी केली, मुलांनी रांगेने येऊन आपापले अंक त्यात टाकले. ग्लास गर्दीत उभे राहून बघत होते. त्या दिवसापासून बायकोने त्यांना बजावलं, शेजाऱ्यांना सांगायचं नाही. कंपनी बुडाली, आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांनी नळाच्या सामानाचे कॅटलॉग संपादित केले. कोणी विचारलं तर म्हणायचे, छपाईच्या धंद्यात आहे. बायको जाऊनही दहा वर्षं झाली होती, तरी आवाज खाली आणायची सवय गेली नव्हती.

आता आमच्याकडचं सांगते. नागपूर, अमरावती, मुंबईची मिळून आमची पंधरा-वीस कुटुंबं होती. एप्रिलमध्ये एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही जयंती साजरी करायचो. वंदना, भाषणं, जेवण. भाषणं सुरू झाली की पोरं बाहेर. आमचे अध्यक्ष रामटेके काका, पेशाने इंजिनियर आणि सगळ्यांत वडीलधारे, एकदा मला म्हणाले, "सुनंदाताई, पोरं भाषणाच्या वेळेस पार्किंगमध्ये पळते. त्याईले समजन असं काही तरी करा ना."

मृणालला जे समजतं ते मला ठाऊक होतं. मी ठरवलं, माझ्या बाबांच्या लहानपणाचं कॉमिक करायचं. बाबा खेड्यातल्या शाळेत वर्गाबाहेर, व्हरांड्यात दाराशी बसून शिकले, पुढे स्वतः मास्तर झाले. इंग्रजीत, बत्तीस पानांचं. गोष्ट मी लिहून ग्लासांकडे नेली.

त्यांनी ती चष्मा कपाळावर ढकलून वाचली आणि पहिल्या तीन पानांवर उभी निळी रेघ मारली. "तुमच्या वडिलांवर अन्याय झाला हे तुम्ही तीनदा सांगितलंय. मला तो एकदाही दिसला नाही."

"मग काय लिहू?"

"ते बसायचे कुठे? उन्हात की सावलीत? तिथून फळा दिसायचा का?"

मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षं त्या माणसाची मुलगी होते, पण हे कधी विचारलं नव्हतं. त्या शनिवारी नागपूरला फोन लावला. बाबा म्हणाले, "अर्धा दिसे. उजवीकडचा. गुरुजी लिहायला लागले की वाक्याचं शेपूटच माझ्या वाट्याला. आधीचं अर्धं मी घरी येऊन अंदाजाने भरत असे." मग जरा थांबून म्हणाले, "हजेरीत आमची नावं नसत घेत. आत किती ते नावानं, बाहेर किती ते मान वळवून मोजत."

हे ऐकल्यावर ग्लासांनी पेन्सिल खाली ठेवली. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाले, "हे पहिलं पान." आणि त्यांनी ते असं मांडलं की पानावरच्या सहाही चौकटींत अर्धाच फळा, अर्धंच वाक्य. वाचणाऱ्याला मान तिरकी करावीशी वाटावी. माझ्या तीन पानांच्या रडगाण्याने जे झालं नसतं ते त्या एका पानाने केलं.

तो सगळा हिवाळा आम्ही रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. चित्रं वैशाली नावाची आमच्यातलीच एक विद्यार्थिनी काढायची. ग्लास प्रत्येक पानाचा काडेपेटीएवढा कच्चा आराखडा करून द्यायचे. "आधी पाय दाखवा," ते तिला सांगायचे. "माणूस घाबरला की तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत." मला सांगायचे, "फुगा भरला की चित्र बुडतं." अक्षरं त्यांनी स्वतः लिहायला घेतली. हात चांगलाच थरथरायचा, पण टाक कागदाला टेकला की थरथर जायची. एक फुगा लिहून झाला की हात झटकायचे, मग दुसरा. त्यांचं प्रश्नचिन्ह मासळीच्या गळासारखं, आणि आर या अक्षराचा पाय जरा लांब. "अक्षर माणसाच्या चालण्यासारखं असतं," ते म्हणाले होते. "पन्नास वर्षांनी पण ओळखू येतं."

मार्च लागला तेव्हा शेवटची पानं राहिली होती. उठताना मी कोट घालत होते, आणि ते टाक धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "या पुस्तकात नावांचं पान असेल ना?"

"असेल," मी म्हटलं.

"छान. नावांचं पान असावं."

एवढंच. मला त्यांचं म्हणणं समजलं नाही असं मी आज म्हणू शकत नाही. पुरतं समजलं होतं.

आपल्याकडे कुठलीही स्मरणिका निघाली की पहिल्या पानावर नावांचा पोळा फुटतो, हे काही मी सांगायला नको. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, हॉल ठरवणारे, माईक आणणारे, ज्यांच्या घरी आलूबोंडे तळले जाणार त्या तिघी. एखादं नाव सुटलं तर वर्षभर अबोला. रामटेके काकांनी फोनवर सगळी यादी मला वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाले, "संपादक म्हणून कोणाचं लिहू? तुमचं का त्या ग्लासचं?"

"दोघांचं नाही चालणार?"

"कमिटीत एक-दोघं म्हणते, आपली गोष्ट आपल्या पोराईले सांगाले गोरा माणूस कायले पाह्यजे. पण माझं तसं काही नाही, ताई. तुम्ही म्हणान ते लिहू."

म्हणजे कोणी माझा हात धरला नव्हता. मी एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर नागपूर होतं. प्रती तिकडे जाणार होत्या, विहारातल्या वाचनालयात बाबा त्या मांडणार होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं पान उघडून दाखवणार होते. बाबांच्या गोष्टीवर मुलीचं नाव, आणि त्या नावाच्या शेजारी कोणी परका नको. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मी बसलेच होते. मी म्हटलं, "माझंच टाका. ते शेजारी आहेत हो, हौसेनं मदत केली त्यांनी."

हौसेनं हा शब्द मला कुठून सुचला कोण जाणे. आजही कोणाच्या तोंडून तो ऐकला की मान खाली जाते.

यापुढचं लिहायला नको वाटतं, पण त्याशिवाय हे व्यक्तिचित्र खोटं होईल. पुस्तकातलं सगळं अक्षर ग्लासांचं, तेव्हा नावांचं पानही त्यांनीच लिहायचं होतं. ती यादी मी टाइप करून रविवारी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वरपासून खालपर्यंत वाचली, आणि पुन्हा वरपासून वाचली. टेबलावर हजेरीचं पान वाळत होतं. आतल्या मुलांच्या डोक्यांवर नावांचे फुगे, आणि शेवटच्या चौकटीत दाराबाहेर तोंड उघडून बसलेला एक मुलगा, ज्याच्या नावाचा फुगा नाही. ती चौकट ग्लासांनीच सुचवली होती.

"एवढीच?" त्यांनी विचारलं.

"एवढीच."

"स्पेलिंग बरोबर आहेत ना? लोकांना आपल्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं चालत नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी पट्टी लावून ओळी आखल्या, टाक बुडवला आणि एकेक नाव लिहायला घेतलं. माईकवाल्याचं, आलूबोंडेवालींचं, मग 'संपादन' आणि माझं. त्या रविवारी त्यांनी निळी पेन्सिल काही हातात घेतली नाही. मी समोर मूग गिळून बसले होते. अजून वेळ होता, शाई ओली होती, तोंडातून दोन शब्द काढायचे होते फक्त. मी म्हटलं, "चहा करू का?"

कार्यक्रमाला ते आले. तपकिरी सूट, टाय, केस ओले करून चापून बसवलेले. मी त्यांना पुढे बसा म्हणून सांगायला हवं होतं, पण मी स्टेजजवळच्या गडबडीत होते, किंवा तशी असल्याचं दाखवत होते. रामटेके काकांनी यादीतल्या एकेकाला वर बोलावून गुलाबाचं फूल दिलं. मलाही दिलं, टाळ्या वाजल्या. त्या वर्षी भाषणं चालू असताना एकही मूल पार्किंगमध्ये पळालं नाही. सगळी जमिनीवर पालथी पडून पुस्तक वाचत होती. मी ग्लासांकडे पाहिलं, तर ते त्या मुलांकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तिथे थांबवेना.

जेवताना मृणाल पुस्तक घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, व्हाय इजन्ट मिस्टर ग्लास इन इट? ही डिड द होल थिंग."

मी तोंड उघडायच्या आत ग्लासच म्हणाले, "पोरी, संपादक म्हणजे घरातला नळ. नीट चालू असला की कोणाला दिसत नाही. मी पंचवीस वर्षं नळांत काढली, मला विचार." मुलं हसली, मोठी माणसं हसली, मीही हसले. त्यांनी मला माझ्या मुलीसमोर वाचवलं. तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

पुढे त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. फरक माझ्यात पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. जिन्यात ते दिसले की मला उशीर झालेला असायचा. लाँड्री मी ते नसतील त्या वेळा बघून करायला लागले. मृणाल त्यांच्याकडे जात राहिली, मी नाही. पुढच्या आवृत्तीत नाव घालू असं स्वतःला सांगत होते, पण पुढची आवृत्ती कोणी काढत नव्हतं आणि मी विषय काढत नव्हते. पुढच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा धीर करून म्हटलं, "मॉरी, ते नावांचं पान..." त्यांनी हात हलवला आणि म्हणाले, "पान चांगलं झालं होतं. ओळी सरळ आल्या होत्या." चार दिवसांनी ते गेले. फ्लोरिडाहून त्यांचा पुतण्या आला, एका दिवसात घर रिकामं केलं, आणि टेबलावरचे टाक, पट्ट्या, कागद सगळं बिल्डिंगमागच्या मोठ्या कचरापेटीत गेलं. ते मी खिडकीतून पाहिलं.

वर्षभराने मला एक फोन आला. जुन्या कॉमिक पुस्तकांवर संशोधन करणारा एक माणूस. त्या दिवसांत या पुस्तकांना एकदम भाव आला होता, हॉटेलांमध्ये मेळावे भरत, आणि निनावी अंकांवर कोणी काय काम केलं याच्या याद्या ही मंडळी तयार करत होती. 'ब्रिजमन' कोणाचा, यावर त्यांच्यात वाद होता. मेव्हण्याचे नातेवाईक त्याचा म्हणत होते. एका जुन्या चित्रकाराने मरण्यापूर्वी ग्लास हे नाव घेतलं होतं, पण पुरावा नव्हता. पुतण्याने माझा नंबर दिला होता.

"त्यांनी लिहिलेली अक्षरं कुठे मिळतील का?" त्याने विचारलं. "अंकांवरची अक्षरं आमच्याकडे आहेत. त्यांच्या नावाने छापलेलं काही मिळालं तर जुळवून बघता येईल. अक्षर लपत नाही."

मी त्याला पुस्तक पाठवलं, सोबत सगळं सांगणारं पत्र. पंधरा दिवसांनी त्याचा परत फोन आला. आवाज खुशीत होता. प्रश्नचिन्ह तेच, आरचा पाय तोच. मग जरा अडखळत म्हणाला, "फक्त एक अडचण आहे. यात मिस्टर ग्लास यांचं नाव कुठेच नाही. संपादक म्हणून तुमचं आहे."

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "मीच तसं छापायला सांगितलं."

तो सभ्य माणूस होता. म्हणाला, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माणूस गेल्यावर मित्रमंडळी प्रेमापोटी असं सांगतात, मॅडम. आम्हाला छापील लागतं. मी नोंद करतो, शेजारणीच्या म्हणण्यानुसार, अनिश्चित." एका ओळीने, आलूबोंडे तळणाऱ्यांच्या खाली एका ओळीने, ग्लासांची सगळी हयात त्यांना परत मिळाली असती. ती ओळ लिहायला ते स्वतःच टाक घेऊन बसले होते आणि मी त्यांना चहा विचारला. मालक आणि मेव्हण्याने त्यांचं नाव गाळलं तेव्हा निदान त्या दोघांना नाव गाळलं जाणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला जन्मापासून माहीत होतं. या लाजेला मला अजून कुठे ठेवावं ते कळलेलं नाही.

त्या शनिवारी मी बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते अजून पहिलं पान उघडून दाखवत होते.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पहिलं पान त्यांचं? अर्ध्या फळ्याचं?"

"हो बाबा."

"हजेरीचं?"

"तेही."

"कार्यक्रमाला आले होते ते?"

"आले होते."

"कुठं बसवलं होतं त्यांना?"

मला आठवून पाहावं लागलं नाही. "मागे," मी म्हटलं. "दाराशी."

बाबा "बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.